करडू तांबडे झाले म्हणून बोकड बाटगा ठरत नाही



उसाच्या अंकात शेळीवर लेख बघून काहीजण म्हणतील, शेतकी खात्याला आता हेच काम उरले काय! पण गटात फिरताना आम्हाला खोडव्याच्या खतमात्रेइतकेच प्रश्न शेरडाकरडांचे विचारले जातात, ही वस्तुस्थिती आहे. उसाचे बिल वर्षा-दीड वर्षाने हाती येते. मधल्या काळात खुरपणीचा पगार, पोरांची फी, दवाखाना हे सगळे बहुतेक घरांत गोठ्याच्या कोपऱ्यातल्या चार-पाच शेळ्यांवर भागते. आणि त्या शेळ्यांचा हिशेब बहुधा घरातल्या बाईकडे असतो. तेव्हा शेळीचे नुकसान ते सभासदाचेच नुकसान. म्हणून या विषयावर दोन शब्द लिहावेत असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

निमित्त घडले ते एका भांडणाचे. आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी एका सभासदाने जादा पैसे मोजून 'अस्सल उस्मानाबादी' म्हणून काळाभोर बोकड आणला. शेजाऱ्याने आपली काळी शेळी त्याला दाखवली. शेळी व्याली, जुळी झाली. एक करडू काळे कुळकुळीत, दुसरे तांबडे. झाले! शेजारी म्हणाला, "बोकड बाटगा हाय, माझं वेत बिघडवलं." बोकडवाला म्हणाला, "शेळीच आदुगर कुटं जाऊन आली आसंल." बोलाचाली वाढत वाढत पाण्याच्या पाळीपर्यंत गेली. ही दोन घरे पुढेमागे एक होतीलही. पण त्या शेळीचे काय झाले ते ऐका. "वाणात खोट निघाली" म्हणून पुढच्या बाजारी ती खाटकाला विकली. तीन वेतांत दोनदा जुळी दिलेली, करडांना पाजून घरच्या चहाला पुरेल इतके दूध देणारी, कधी आजारी न पडलेली शेळी निव्वळ करडाच्या रंगापायी सुरीखाली गेली. आमच्या मते हा गुन्हाच झाला, आणि तो काही दुष्टपणाने झाला नाही, समजुतीच्या घोटाळ्याने झाला. असा घोटाळा आज पुष्कळ गोठ्यांत आहे.

घोटाळ्याचे मूळ आम्हा ऊसवाल्यांच्या सवयीतच असावे असे आम्हाला वाटते. आपण बेणे लावतो. को ८६०३२ ची टिपरी लावली की को ८६०३२ च उगवतो. एक डोळा घ्या, दोन डोळे घ्या, रोप करून लावा, वाण तोच. बेणेमळ्यात वेगळा ऊस दिसला तर भेसळ झाली असे आपण छातीठोक म्हणतो, आणि ते बरोबर असते, कारण टिपरीतून येणारा ऊस हा मूळ उसाचाच तुकडा असतो. त्यात आई-बाप असा प्रकारच नाही. शेळीचे तसे नाही. करडू म्हणजे अर्धे बेणे आईचे, अर्धे बापाचे, आणि ते अर्धे कोणते ते प्रत्येक वेळी नव्याने पिसून निघते.

उसातही हे दिसते, पण ते कोइमतूरला. तिथे १९१२ पासून ऊस पैदास केंद्र आहे. उसाला तुरा येतो, एका वाणाचा पराग दुसऱ्याला देतात, त्याचे बी धरते आणि ते बी पेरले की एकाच तुऱ्याच्या पोटी हजार रोपे हजार तऱ्हेची निघतात. को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ या दोहोंचा मुलगा. पण तो आईसारखाही नाही आणि बापासारखाही नाही, आणि त्याची इतर भावंडे कुठल्या कुठे फेकली गेली. म्हणजे आपल्या शिवारात उभा असलेला ऊस हा शेकड्यांनी नापास झालेल्या भावंडांतून पास झालेला एकटाच आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे जुळ्यांत एक काळे आणि एक तांबडे निघाले याचे नवल वाटायचे कारण उरत नाही.

आता रंग कसा ठरतो ते पाहू. शेळीच्या केसात मुळात दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबडे-पिवळे. पांढरा हा रंग नव्हेच. रंग पोहोचला नाही किंवा फार फिका झाला म्हणजे पांढरे दिसते. विहिरीवर दोन टाक्या आहेत असे समजा, एक काळ्या रंगाची, एक तांबड्या रंगाची, आणि दोन्हींच्या मध्ये एकच चावी. चावी इकडे फिरवली की काळे वाहते, तिकडे फिरवली की तांबडे. ही चावी प्रत्येक रंगपेशीच्या अंगावर असते, आणि ती कशी बनवायची हे ज्या जनुकात लिहिले आहे त्याला शास्त्रज्ञ 'एक्स्टेन्शन' म्हणतात. चावी कुणी फिरवायची, अंगाच्या कोणत्या भागात फिरवायची, हे सांगणारा पाटकरी वेगळा. त्या जनुकाचे नाव 'अगुटी'. हा पाटकरी पोटाशी एक हुकूम देतो, पाठीवर दुसरा, पायावर तिसरा. शेळीच्या रानटी पूर्वजाचे, म्हणजे इराण-तुर्कस्तानच्या डोंगरात राहणाऱ्या बेझोआर शेळीचे, अंग तपकिरी आणि पाठीवर काळी रेघ असते ती या पाटकऱ्याचीच करामत. आपल्या विदर्भातल्या बेरारी शेळीच्या पाठीवरही अशी काळी रेघ दिसते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे लगेच उमजेल.

प्रत्येक करडाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक बापाची. शेळीच्या पेशीत साठ गुणसूत्रे असतात, तीस आईकडची आणि तीस बापाकडची. दोन प्रती सारख्या असतील तर प्रश्न नाही. वेगळ्या असतील तर एकीचा आवाज वर राहतो आणि दुसरी गप्प बसते. गप्प बसते, मरत नाही. ती पुढच्या पिढीत जाते आणि जोडीदार भेटला की बोलू लागते. मेंडेल नावाच्या पाद्र्याने वाटाण्याच्या वेलांवर हे दाखवून दिले आणि १८६६ साली छापले. जगाला ते कळायला १९०० साल उजाडले.

आता काळ्या रंगाकडे येऊ, कारण भांडण काळ्याचेच आहे. काळी शेळी दोन निरनिराळ्या वाटांनी काळी होऊ शकते. पहिल्या वाटेने चावीच काळ्या बाजूला गंजून बसलेली असते. मग पाटकऱ्याने काहीही हुकूम दिला तरी ऐकतो कोण? अंग सगळे काळे. अशी चावी एकच मिळाली तरी पुरते, म्हणजे हा काळा वरचढ. दुसऱ्या वाटेने चावी धड असते, पण पाटकरी मुका असतो. तांबडे सोडा म्हणणारा कोणी नाही म्हणून काळेच वाहत राहते. पण यासाठी दोन्ही प्रती मुक्या असाव्या लागतात, आई-बाप दोघांकडून मिळालेल्या. हा काळा दबलेला.

बाहेरून पाहाल तर दोन्ही काळे सारखेच. बाजारातला हेडी सांगू शकत नाही, डॉक्टर सांगू शकत नाहीत, आम्ही तर नाहीच नाही.

यातून काय निघते ते बघा. समजा बोकड पहिल्या वाटेचा काळा आहे, पण त्याच्या दोन चाव्यांपैकी एकच गंजलेली आहे, दुसरी धड. शेळीही तशीच. दोघेही काळे कुळकुळीत. त्यांच्या करडांपैकी सरासरीने चारात एक असे निघेल की ज्याला दोन्हीकडून धड चावी मिळाली. मग त्याचा पाटकरी जो हुकूम देईल तो रंग. तांबडा, करडा, पाठीवर रेघ, काहीही. किंवा समजा बोकड पहिल्या वाटेचा, एक चावी धड असलेला, आणि त्याचा पाटकरी तांबड्याचा. शेळी दुसऱ्या वाटेची, मुक्या पाटकऱ्याची. दोघेही काळे, दोघांचा काळेपणा वेगळा. इथे तर निम्मी करडे तांबडी निघू शकतात. शेळी कुठे गेली नव्हती, बोकड बाटगा नव्हता. आमच्या भांडणाऱ्या दोन्ही सभासदांचे म्हणणे चूक आणि दोघांची जनावरे निर्दोष, असेच घडले असण्याचा संभव अधिक.

उलटेही होते. तांबड्या शेळीला तांबडा बोकड लावला आणि काळे करडू झाले. दोघांच्याही पोटात एकेक मुका पाटकरी दडलेला होता, तो दोन्हीकडून करडाला मिळाला. इथेसुद्धा घरोघरी शेळीवर संशय घेतला जातो, बिचारी शेळी!

कोणी म्हणेल, "साहेब, आमच्या बोकडाची आठ करडं काळीच झाली, म्हंजी त्यो शुद्ध." थांबा. वर सांगितलेल्या पहिल्या जोडीसारख्या दहा जोड्या घेतल्या, प्रत्येकीची आठ-आठ करडे मोजली, तर त्यातल्या सुमारे एका जोडीची आठच्या आठ काळी निघतील. आणि त्या जोडीचा मालक शपथेवर सांगेल की आपले बियाणे शुद्ध आहे. मग नवव्या करडाला तांबडे झाले की शेजाऱ्याकडे बोट. खरी परीक्षा निराळी असते. जो गुण दबलेला असल्याचा संशय आहे तो ज्यांच्या अंगावर उघड दिसतो अशा शेळ्यांना बोकड लावायचा. बोकडात तो गुण दडलेला असेल तर दर करडाला तो दिसण्याची शक्यता निम्मी. सात करडांत एकदाही दिसला नाही तर बोकडात तो दडला असण्याचा संभव अगदी थोडा उरतो, कारण दडलेला असूनही सात वेळा चकवण्याची शक्यता एकशे अठ्ठावीसात एक. पण एवढा खटाटोप रंगासाठी करावा का, हा खरा प्रश्न आहे, आणि आमचे उत्तर 'नाही' असे आहे. त्याकडे येतोच.

पांढऱ्याचे शास्त्र याहून गमतीचे. स्वित्झर्लंडची सानेन शेळी दुधासाठी जगभर नावाजलेली, अंगाने पांढरी. तिच्यात पाटकरी नुसता मुका नाही, तर उलट फार बोलका आहे. अगुटी जनुकाच्या जादा प्रती तिच्या अंगात आहेत असे इटालियन संशोधकांनी २००९ साली दाखवले आणि पुढे २०१९ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी त्याला दुजोरा दिला. पाटकरी सगळीकडे तांबडेच सोडा म्हणून ओरडतो, आणि ते तांबडे इतके फिके पडते की दुधाच्या सायीसारखे दिसते. हा पांढरा वरचढ आहे, म्हणून त्याच्या पोटात काळा पिढ्यान् पिढ्या दडून राहतो. दोन शुभ्र सानेनच्या पोटी मधूनच काळे किंवा करडे पिल्लू येते. पुष्कळ वर्षे पाळणारे अशी पिल्ले जातीला कलंक म्हणून काढून टाकीत. काही शहाण्यांनी मात्र ती ठेवली, त्यांचे दूध मोजले, ते सानेनइतकेच भरले. अखेर २००५ साली अमेरिकेच्या दुधाळ शेळी संघटनेने त्यांना 'सेबल' या नावाने वेगळी जात म्हणून मान्यता दिली. काल ज्याला कलंक म्हणत होते त्याला आज नोंदणीचा दाखला मिळतो! आमच्या त्या सभासदाच्या शेळीला असा दाखला मिळायला कोण बसले होते?

आता ठिपके आणि डाग. कबऱ्या शेळीचे कारण पुन्हा वेगळे. करडू आईच्या पोटात असते तेव्हा रंगपेशी त्याच्या पाठीच्या कण्यालगत जन्मतात आणि तिथून बरगडीवरून खाली पोट, पाय, कपाळ, शेपटीचे टोक इकडे चालत जातात. वाटेत कमी पडल्या, उशीर झाला, तर शेवटच्या टोकाला रंग पोहोचत नाही. पाटाचे पाणी टेलला पोहोचत नाही तसेच! म्हणूनच पांढरे टिक्के बहुधा कपाळावर, खुरांवर, पोटाखाली आणि शेपटीच्या टोकाला असतात, पाठीच्या मध्यावर क्वचित. दक्षिण आफ्रिकेची बोअर शेळी डोके तांबडे व अंग पांढरे अशी असते. तिच्यातल्या पांढरेपणामागे एका विशिष्ट जनुकाच्या जादा प्रती आहेत असे २०१६ साली दिसून आले, आणि प्रती जितक्या जास्त तितका पांढरा भाग अधिक. या बोअर शेळीचे नाव आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेमुळे झाले. आता बाजारात असे झाले आहे की करडाच्या कपाळावर पांढरा टिक्का दिसला की "ह्याच्यात बोअर हाय" म्हणून जादा भाव मागायचा, किंवा दुसऱ्याने तोच टिक्का दाखवून "गावठी शुद्ध न्हाई" म्हणून भाव पाडायचा. दोन्ही व्यापारी हिकमती. आपली संगमनेरी शेळी बोअरचे नाव इकडे कुणाला माहीत नव्हते तेव्हापासून पांढरी, काळी, तांबडी आणि डागाळ अशी सगळ्या तऱ्हेची आहे. कोकण कन्याळच्या काळ्या अंगावरच्या पांढऱ्या खुणा तर तिची ओळखच आहेत.

ही समजूत काही आजची नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथात याकोब आणि लाबान यांची गोष्ट आहे. कळपातली ठिपकेदार शेळी-मेंढी चाकरीची मजुरी म्हणून याकोबाने घ्यायची असे ठरले. लाबानाने आधीच सगळी ठिपकेदार जनावरे वेगळी काढून दूर पाठवली. तरी उरलेल्या एकरंगी जनावरांना ठिपकेदार पिल्ले होतच राहिली. याकोबाने पाण्याच्या कुंडापाशी सोललेल्या काठ्या उभ्या केल्या होत्या, त्या पाहून पिल्ले पट्टेरी झाली असे त्या गोष्टीत आहे. आपल्याकडेही "गाभण शेळीनं जे पाहिलं ते करडावर उतरतं" असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत. काठ्यांचे आम्ही सांगू शकत नाही, पण डोळ्यांआड केलेला गुण पोटात राहतो एवढे मात्र त्या गोष्टीवरून कुणाही मेंढपाळाला कळावे.

आता मुद्द्याचे. उस्मानाबादी शेळी काळी असते हे खरे, पण 'बहुतांशी' काळी. जुन्या सरकारी नोंदी काढून पाहिल्या तर साधारण चारात तीन काळ्या आणि बाकीच्या तांबड्या, पांढऱ्या, ठिपकेदार असेच वर्णन आहे. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे नाव मात्र उस्मानाबादीच राहिले. तिचा नावलौकिक रंगामुळे झालेला नाही. दुष्काळी माळावर काटेकुटे खाऊन उभी राहणे, लवकर गाभण जाणे, जुळी देणे, मटण चवदार असणे, ही तिची खरी पुण्याई. काळेपणा हा तिचा सदरा आहे. सदरा बघून सून निवडणारे घर कसे चालेल?

जुळ्यांचा गुण तरी एका जनुकाचा आहे काय? मेंढीत तसे एक मोठे जनुक सापडले आहे. फलटणच्या त्याच संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीतून ते आपल्या दख्खनी मेंढीत आणले, हे महाराष्ट्राला भूषण आहे. शेळीत मात्र जुळे, दूध, वजनवाढ हे गुण बारीक बारीक पुष्कळ जनुकांच्या वाट्यावर आणि त्याहून अधिक आपल्या चाऱ्यावर चालतात. म्हणून ते कातडीवर लिहिलेले दिसत नाहीत. उसाची रिकव्हरी कांडीच्या रंगावरून सांगणारा शहाणा आम्ही अजून पाहिलेला नाही. पाचट काढून ऊन लागले की हिरवी कांडी जांभळी होते, साखर तेवढीच राहते. साखर बघायला ब्रिक्स लावावा लागतो. शेळीचा ब्रिक्स म्हणजे तिची वेतांची नोंद.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. "साहेब, बाजारात काळ्यालाच पैसे जादा पडतात, मग आम्ही रंग का बघू नये?" जरूर बघा. देवाच्या नवसाला काळा बोकड मागतात, बकरी ईदला देखणा, पांढरा किंवा खुणेचा बोकड भाव खातो, हे आम्ही नाकारत नाही. रंगाला गिऱ्हाईक आहे तोवर रंग हा मालच आहे. विकायच्या बोकडाचा रंग बघा. आमचा विरोध आहे तो ठेवायच्या पाटीचा आणि पैदाशीच्या शेळीचा रंग बघण्याला. ठेवायची पाट निवडताना तिच्या आईने किती जुळी दिली, किती जगवली, दोन वेतांत किती महिने गेले, हे आधी विचारा. सगळे सारखे भरले तर मग काळी घ्या, आमची काही हरकत नाही.

पैदाशीचा बोकड मात्र रंगावर एका पैशानेही महाग घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तो जुळ्यातला असावा, त्याच्या आईची नोंद कुणाकडे तरी असावी. पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळासारख्या ठिकाणी चौकशी करून आणावा, आणि दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे लेकीवर बाप जाणार नाही. रंग शुद्ध करण्याच्या नादात एकाच काळ्या बोकडाची लेक, नात त्यालाच दाखवत राहिलात तर रंग एकजात होईलही, पण त्याच दाराने दुसरे दबलेले दोषही जोडीने घरात येतील. करडे दुबळी निघतील, मरतुक वाढेल, आणि तेव्हा गोठ्यात काळा रंग सोडून काही उरलेले नसेल.

एक बाब इथे आवर्जून सांगितली पाहिजे, कारण दिसण्यावर निवड केल्याने खरोखर नुकसान होते ते इथे. ती बाब रंगाची नाही, शिंगांची आहे. बिनशिंगी शेळी पुष्कळांना आवडते, दावणीला बरी, पोरांना मारत नाही. पण युरोपातल्या दुधाळ जातींत असे आढळले आहे की बिनशिंगी बोकड आणि बिनशिंगी शेळी यांच्या जोडीतून, मादी म्हणून जन्मायला हवी होती अशी काही पिल्ले ना धड मादी, ना धड नर अशी निपजतात. ती गाभण राहत नाहीत. फ्रान्सच्या संशोधकांनी २००१ साली त्याचे कारण शोधले. बिनशिंगीपणा आणणारा गुणसूत्रावरचा जो गाळलेला तुकडा आहे, तोच दोन्ही बाजूंनी आला की मादीपण बिघडवतो. आपल्या उस्मानाबादीत शिंगाच्या आणि बिनशिंगी अशा दोन्ही शेळ्या आहेत. म्हणून जोडीतला एक तरी शिंगाचा असू द्यावा, बहुधा बोकड. दिसायला गोजिरवाणी म्हणून पाळलेली पाट दोन वर्षे गाभण न राहता दावणीला बसली तर तिचा खर्च कोण भरून देणार?

आणखी एक किरकोळ गोष्ट. काळी शेळी हळूहळू तांबूस, विटकरी दिसू लागली तर लगेच "जात उतरली" म्हणू नका. उन्हाने केसांची टोके विटतात, ती नव्या केसांबरोबर पुन्हा काळी येतात. पण कातडी रूक्ष, केस राठ, डोळ्याभोवतीचे केस फिके आणि शेळी वाळत चालली असे दिसले तर तांबे या क्षाराची उणीव असू शकते, कारण काळा रंग बनवायलाच तांबे लागते. गाळप हंगामात आमच्या भागात शेळ्यांना महिनोन् महिने नुसती उसाची वाढी पडतात हे आम्ही डोळ्यांनी बघतो. वाढ्याने पोट भरते, शेळी पोसत नाही. शेवरी, सुबाभूळ, हादगा, शेंगदाण्याचा पाला यांपैकी काहीतरी आणि क्षारमिश्रण हवेच. मात्र मोरचूद आणून आपल्या हाताने पाजू नका. मात्रा जास्त झाली तर जनावर दगावते, आणि मेंढीला तर थोडेदेखील बाधते. डॉक्टरांना दाखवा.

काळ्या जनावराला उन्हाचा ताप अधिक लागतो हेही खरे आहे, म्हणून उन्हाळ्यात बारा ते चार सावली असू द्यावी. बांधावर एक लिंब किंवा शेवरीची ओळ असली तर चारा आणि सावली दोन्ही कामे होतात. आम्ही बांधावरच्या झाडाची शिफारस केली की उसावर सावली पडते म्हणून काही सभासद तोंड वाकडे करतात. पश्चिमेच्या बांधावर नको, एवढे मान्य.

वहीचे सांगून थांबतो. शंभर पानी साधी वही पुरते. एका पानावर एक शेळी. तिला बोकड कोणता दाखवला आणि कोणत्या तारखेला, व्याली कधी, करडे किती, नर-मादी, जन्माचे वजन जमले तर, तीन महिन्यांचे वजन नक्की, किती जगली. रंगही लिहा, त्याला आमचा विरोध नाही. चार-पाच वर्षांनी त्याच वहीवरून घरच्या पोरांना मेंडेलचा नियम शिकवता येईल. माजावर आलेल्या शेळीला एकाच माजात दोन बोकड लागले तर एका वेताची दोन करडे दोन बापांची असू शकतात, म्हणून तारीख आणि बोकड ही दोन खाणी रिकामी सोडू नका. ज्या माता-भगिनींना लिहिण्याची अडचण असेल त्यांनी शाळेतल्या नातवाकडून लिहून घ्यावे. बोकड-शेळीचा वाद उद्भवला तर पाणी अडवण्याआधी ती वही घेऊन गट ऑफिसात या, आपण चहा घेऊ आणि चाव्या-पाटकऱ्यांचा हिशेब कागदावर मांडून बघू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग